दिवाळीला मागितलेली कौदी

११ नोव्हेंबर १९४७, मंगळवार

निरोप आला! ह्यांचा निरोप आला!

अव्वा बाजारातून आल्या त्या धापा टाकतच. पिशवी उंबऱ्यात टाकली आणि तिथंच बसल्या. हातात फुलबाज्यांचा पुडा. मला आधी रागच आला. घरात पोरबाळ नाही, दुकानाला नागपंचमीपासून कुलूप, आणि सासूबाई फुलबाज्या घेऊन येतात! पण तोंडाकडं बघितलं तर हसताहेत की रडताहेत तेच कळेना. पाणी दिलं. मग बोलल्या.

तेरखेड्याचा बब्रुवान भेटला. फटाक्यांचं दारूकाम करतो, दरसाल दिवाळीला भूमच्या बाजारात पाल टाकून बसतो. दुकानासाठी हे त्याच्याकडूनच माल घ्यायचे, म्हणून अव्वांना ओळखतो. त्यानं अव्वांना पालाआड बोलावलं. इकडंतिकडं बघितलं, खाली वाकला आणि म्हणाला, "तुमचा बसवराज —" मग "कौदी". मग आणखी काही, ते फटाक्यांत गेलं. पुडा हातात कोंबला आणि पाठ फिरवली. तोंडाकडं नीट बघितलंसुद्धा नाही म्हणे.

बघेल कसा? खाकीवाले रझाकार बाजारात फिरत असतात. बार्शीच्या कँपातल्या माणसाचा निरोप सांगताना कुणी ऐकलं तर त्याच्याच पालाला काडी लावतील.

हे पंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेले. बार्शी हिंदुस्थानात, आम्ही निजामात, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. जाताना म्हणाले, तिकडं निजामाविरुद्ध आपली माणसं जमलीत, मी नाही गेलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि म्हणाले, जमलं तर दिवाळीला येऊन जाईन. त्यानंतर चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आज हा पहिला शब्द.

अव्वा म्हणाल्या, "मला नीट ऐकू न्हाय आलं गं. डावा कान तर गेलेलाच, उजव्यात फटाके. उद्या परत जाऊन इचारते त्याला."

मी म्हटलं, मुळीच नको. दोनदा त्याच्या पालाशी गेलात तर लोक बघतील. आणि विचारायचं काय त्यात? थंडी पडायला लागली, कौदी पाहिजे. साधी गोष्ट.

त्या तरीही कुरकुरत होत्या. तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं. भूममध्ये कौदी हा शब्द आमच्या घराबाहेर कुणाच्या तोंडी नाही. सगळं गाव वाकळ म्हणतं, बामणांच्या आळीत गोधडी म्हणतात. अव्वा कानडी मुलखातल्या, आळंदकडच्या, त्या कौदी म्हणतात, आणि त्यांच्या मांडीवर वाढले म्हणून हेही म्हणतात. मी सोलापूरची, मीसुद्धा इथं येऊन शिकले. मग तेरखेड्याच्या बब्रुवानाला हा शब्द कुठून आला? ह्यांनी सांगितला तसाच त्यानं आणून दिला! ह्यांच्याच तोंडचा शब्द आहे तो.

अव्वांना पटलं. "व्हय की गं," म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. इथं लिहिते. बसवराज. वहीला कुठं कान आहेत.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. दुकान उघडून एक पणती ठेवली, परत कुलूप. अव्वांनी अंगणात एक फुलबाजी लावली. एकच. बाकीची हा आल्यावर, म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर

कापड कुठून आणू?

कंट्रोलचं कापड कार्डावर, आणि ते आलं की आधी वशिल्याच्या घरी जातं. दोऱ्याची रीळ तर वर्षभर दिसलेली नाही. आज दोघींनी सगळ्या ट्रंका उपसल्या. अव्वांचं जुनं इरकली लुगडं, मधनं विरलेलं पण काठ धड. मामंजींचा पटका. ते जाऊन सहा वर्षं झाली, अव्वांनी तो घडीवर घडी घालून ठेवला होता. काढला, नाकाला लावला, परत ठेवला, परत काढला. मी दुसरीकडं बघत राहिले. माझे दोन परकर. दुकानातली साखरेची रिकामी पोती, धुऊन मऊ होतात. पिठाच्या गिरणीची एक पिशवी, तिच्यावर निळा शिक्का आहे तो काही केल्या जात नाही.

ह्यांचं एक धोतर आणि सदरा आहे. सदऱ्याला हात लावला तर अव्वा अंगावर आल्या. गावाला गेलेल्या माणसाचं कापड फाडत नाहीत म्हणे. "तो आल्यावर काय घालंल? तुझा परकर?" बोलायला कमी नाहीत.

तरी चार थर व्हायला अजून बरंच हवं. हे काटकुळे, ह्यांना थंडी फार बाधते. इथंसुद्धा मार्गशीर्षात दोन पांघरुणं लागायची आणि सकाळी दोन्ही ह्यांच्याच अंगावर असायची.

आणि ह्यांना एक गोष्ट ठाऊकच नाही. गेले तेव्हा मलाच ठाऊक नव्हती. आता पाचवा लागेल. चिठ्ठी लिहून पाठवावी तर नाक्यावर सगळं उलगडून वाचतात. कुणा परक्याच्या तोंडी हा निरोप द्यायचा? मेल्याहून मेल्यासारखं होईल.

१९ नोव्हेंबर

चाँदसाब शिंप्याकडं चिंध्या मागायला गेले होते. नाइलाज म्हणून.

ह्यांचा लग्नातला कोट त्यानंच शिवलेला. माणूस वाईट नाही असं हे नेहमी म्हणायचे. पण आज त्याच्या मशीनवर काय होतं? खाकी! ढीगभर खाकी. रझाकारांचे सदरे, चड्ड्या. मी दारातच उभी राहिले. त्यानं बघितलं, मान खाली घातली. म्हणाला, "भाबी, नको म्हणायची सोय हाय का मला? मशीन उचलून नेतेत."

चिंध्यांचं गाठोडं त्यानं बांधून दिलं. चीट, मांजरपाट, कुणाच्या तरी शालूची कड, आणि बरीच खाकी.

मग आपलं काहीतरी बोलत बसला. दिवाळीला भाचा आला होता, तो तुरुंगात शिपाई आहे, तो सांगत होता की — मी मध्येच तोडलं. म्हटलं, तुमचा भाचा काय सांगत होता त्याच्याशी मला काय करायचंय? आणि उठून आले. बरं केलं. खाकी शिवायची आणि वर गप्पा!

घरी आल्यावर खाकी वेगळी काढली, चुलीत घालायला निघाले. अव्वांनी हातातून ओढून घेतली. "जाड हाय. ऊब लागंल. मधल्या थरात घालू, कोण बघतंय?" मी म्हटलं, ह्यांच्या अंगावर त्या मेल्यांची खाकी? तर म्हणतात, "कापड का कुणाचं हाय? शिवीपतूर कापूसच की."

भांडले. हरले. खाकी मधल्या थरात गेली.

२४ नोव्हेंबर

अव्वांच्या हाताखाली शिवणं म्हणजे परीक्षा आहे.

कमलबाईंच्या घरची वाकळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा मारत शिवतात. कमलबाई शेजारच्या, रोज डोकावतात. अव्वांची कौदी तशी नाही. कडेपासून सुरू करायचं आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. टाका जोंधळ्याएवढा. गाठ आतल्या थरात. दोरा नाही म्हणून इरकली लुगड्याच्या पदरातलं सूत काढून मांडीवर पिळून दुहेरी करतो. मांडीची सालटी निघाली.

काल मी दिवसभरात दोन फेऱ्या घातल्या. सकाळी बघते तर अव्वा माझे टाके उसवताहेत! "ह्यातनं पोराचं बोट आत जाईल," म्हणाल्या. कान गेला पण नजर घारीची. मी रागानं म्हटलं, थंडी संपेपर्यंत तुमची कौदी व्हायची नाही. ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडून सांगितलं. मग म्हणाल्या, "आधीच ऐकलं व्हतं."

१ डिसेंबर

आज पहाटे हंड्यातलं पाणी हाताला चावलं. कँपात काय पांघरत असतील?

५ डिसेंबर

आज मोठं भांडण आणि मग मोठी गंमत.

माझ्या मनात पंधरा दिवस एक घोळत होतं. चिठ्ठी पाठवता येत नाही, तोंडी सांगता येत नाही. पण ठिगळाला कोण हटकणार? तांबड्या खणाचा तुकडा होता, त्याचं टोपडं कापलं. बाळाच्या टोपड्याचा आकार, मागं झालर, दोन बंद. तळहाताएवढं. कौदीवर ठिगळ म्हणून लावायचं. नाक्यावरच्या शिपायाला ती नुसती नक्षी दिसेल, ह्यांना कळेल.

अव्वांनी बघितलं आणि हातातली सुई खाली ठेवली. "हे न्हाय चालायचं." बाळ यायच्या आधी त्याचं कापड शिवत नाहीत. त्यांची थोरली नणंद, तिनं आधीच कुंची शिवली आणि... पुढचं बोलल्या नाहीत. मी म्हटलं हे कापड नाही, ठिगळ आहे. त्या म्हणाल्या, टोपडं ते टोपडं. मी म्हटलं मग ह्यांना कळणार कसं? जन्माला आल्यावर? आणि तोवर ह्यांना काही झालं तर?

असं बोलायला नको होतं. तोंडातून गेलं. तुकडा तिथंच टाकून मी भाकरी थापायला गेले. धुरानं की कशानं डोळे चुरचुरत होते. तव्यावरची भाकरी करपली.

परत आले तर अव्वा मांडी घालून बसल्यात आणि ते तांबडं टोपडं लावताहेत. त्यांच्या हातानं. जोंधळ्याहून बारीक टाके. मला बघून म्हणाल्या, "आईनं शिवलं तर दोष. आजीनं शिवल्याला दोष न्हाय."

असा नियम कुठं आहे? मला तर ठाऊक नाही. त्यांनी तिथंच बसून केला असणार.

आणि म्हणाल्या, "पायाकडं लावून काय उपयोग? तुझा नवरा बैल हाय, त्याला न्हाय दिसायचं. उशाकडं लावते. तोंडावर घेतलं की दिसंल."

दोघी हसलो. किती दिवसांनी.

१४ डिसेंबर

झाली!

मधला शेवटचा टाका अव्वांनी घातला. मध्यावर मामंजींच्या पटक्याचा चौकोन आला आहे, भगवा, अजून रंग गेला नाही. सूर्य उगवल्यासारखा दिसतो. गिरणीचा निळा शिक्का कोपऱ्यात उलटा बसलाय, त्याचं मला हसू येतं. खाकी कुठं दिसत नाही.

अव्वांच्या माहेरी नव्या कौदीची ओटी भरतात. जोंधळे, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी. खोबरं नव्हतं, गुळाचा खडा ठेवला. कमलबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "वाकळंची ओटी? आन् सुनंची कधी?" अव्वांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी मात्र पदर पुढं ओढून घेतला.

मी कौदी अंगावर घेऊन बघितली, एकदाच. जड आहे. उबेची आहे. जुन्या लुगड्याचा, साखरेचा आणि अव्वांच्या विभूतीचा वास येतो. ह्यांना घरी आल्यासारखं वाटेल.

१७ डिसेंबर

लिंबाजी धनगर आज निघाला. तट्टावर घोंगड्या लादून तो दर हिवाळ्यात बार्शीच्या बाजाराला जातो, नाक्यावरचे त्याला ओळखतात. घोंगड्यांच्या मध्ये कौदी घातली. सोनारीला भैरवाचं दर्शन घेऊन तिकडून उतरणार. म्हणाला, "वैनी, काय काळजी करू नगा. मालकाच्या हातात दिऊनच परत येतो."

वाटेनं तट्टू दिसेनासं होईपर्यंत अव्वा ओट्यावर उभ्या होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, "आता मरू देत थंडी."

घर रिकामं झालं. महिनाभर मांडीवर कौदी होती, आता हात कुठं ठेवावेत कळत नाही.

२६ डिसेंबर

बाजारातनं खाकीवाल्यांची फेरी गेली. घोषणा. दोन दुकानं लुटली म्हणतात. आम्ही कडी लावून बसलो. अव्वा विचारत होत्या, "काय वरडत्यात?" मी म्हटलं, काही नाही. लिंबाजीचा पत्ता नाही.

२ जानेवारी १९४८

लिंबाजी नाही आला.

११ जानेवारी, रविवार

वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात. कमलबाईंनी आग्रह करून आम्हाला त्यांच्या रानात नेलं. ज्वारीच्या कोपीत पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. अव्वा दरसाल इथं दोन उंडे जास्त खातात. आज ताटात बोटं फिरवत बसल्या.

कमलबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आगं, निरोप पाठवतो त्याचा अर्थ माणूस खुशाल हाय. खा की." खरं आहे. मीही रोज रात्री झोपताना हेच स्वतःला सांगते. ज्याला थंडी वाजते आणि जो घरी कौदी मागतो, तो माणूस जिवंत आहे, शहाणा आहे, त्याला घर आठवतं.

मग लिंबाजीला एवढे दिवस का?

१३ जानेवारी

लिंबाजी आला. कौदी घेऊन आला.

मी सकाळी सडा घालत होते. तट्टू दारात थांबलं. त्यावर रिकामी पडशी आणि मागं आमची कौदी, दोरीनं बांधलेली. घोंगड्या विकल्या होत्या, कौदी परत.

नाका बंद होता म्हणून त्याला सोनारीतच पंधरा दिवस काढावे लागले. मग बार्शीला पोचला. कँप शोधला. तिथं दोघातिघांना विचारलं, त्यांनी आत नेलं, आतल्या माणसानं नाव ऐकून लिंबाजीकडंच डोळे विस्फारून बघितलं. म्हणाला, "बसवराज? भूमचा वाणी? अरे, तो दिवाळीच्या आधी आठ दिवस गेला की. घरी जातो, आईला भेटून येतो म्हणून निघाला. आम्हाला वाटलं, घरी रमला."

"घरी न्हाय आला?" असं त्यांनी लिंबाजीला विचारलं म्हणे. कौदी त्यांनी ठेवून घेतली नाही. घरी आहे त्याला घरीच द्या, म्हणाले.

लिंबाजी हे सगळं मान खाली घालून सांगत होता. अव्वा त्याच्या तोंडासमोर उजवा कान पुढं करून बसलेल्या. त्याला तीनदा सांगायला लागलं. तिसऱ्यांदा तो रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या.

अव्वांनी कौदीवरची धूळ झटकली. घडी केली. कोनाड्यात ठेवली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला नाही.

डोकं फिरायची वेळ आली आहे. आठ दिवस आधी निघाले. बार्शी ते भूम, चालत आलं तरी दोन दिवस. म्हणजे दिवाळीला घरात पाहिजे होते. बब्रुवान भेटला दिवाळीच्या आदल्या दिवशी. मग त्याला हे भेटले कधी, कुठं? तेरखेडा तर त्या वाटेवर नाहीच. आणि घरी यायला निघालेला माणूस कौदी कशाला मागेल?

अव्वांना विचारलं, आठवा, नीट आठवा, बब्रुवान काय म्हणाला? त्या म्हणाल्या, "बसवराज म्हणाला. कौदी म्हणाला." आणखी काय? कौदी पाठवा असं म्हणाला? "पाठवा न्हाय म्हणाला. पाठवा तू म्हणालीस."

मी म्हणाले. खरंच, मीच म्हणाले होते.

"म्या तुला बोलले व्हते, परत इचारून येते म्हणून," अव्वा म्हणाल्या. रागानं नाही. त्यामुळं जास्तच लागलं. मी उलट ओरडले. तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि दोष मला देता! ओट्यावर चार बाया होत्या, त्यांनी ऐकलं. अव्वा उठून आत गेल्या. दिवसभर काही खाल्लं नाही.

लिंबाजी म्हणतो, परवा तेरखेड्याला जाऊन बब्रुवानाला गाठतो. पोटात बाळ फार हलतंय आज.

१६ जानेवारी

लिंबाजी जायच्या आधीच चाँदसाब दारात आला. कौदी परत आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. ओट्याच्या खालीच उभा राहिला. मी आत जायला निघाले, तर म्हणाला, "भाबी, दिवाळीनंतर सांगत व्हतो, तुमी उठून गेल्या. आज ऐका."

भाच्याचा सांगावा आला आहे. नाक्यावर दिवाळीच्या आधी काही माणसं धरली, तेरखेड्यावरनं पायी नेली, अख्ख्या बाजारानं बघितली. ती त्याच्या तुरुंगात आहेत. "त्यात भूमचा एक वाणी हाय. काटकुळा हाय. खोकतोय लई. घरून पांघरूण आलं तर आत देतेत म्हणतो भाचा. मला नाव न्हाय म्हाईत. पण भाबी, तो कैदी —"

आतून अव्वांचा आवाज आला.

"कुणाची कौदी?"

कैदी. बब्रुवानही हेच म्हणाला असणार.

अव्वा बाहेर आल्या. उजवा कान पुढं करून परत विचारलं, "कुणाच्या कौदीचं बोलतोय तो?"

तुम्हाला ऐकू येत नाही, हे माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आपलीच, अव्वा. ह्यांनी मागितलेली. पत्ता चुकला होता, आता लागला."

कौदी कुणी मागितलीच नव्हती, हे सांगितलं नाही. सांगणारही नाही.

पहाटे कमलबाईंची गाडी तुरुंगाच्या गावाला निघते. मी आणि अव्वा. टोपडं उशाकडं आहे, हे भाच्याला सांगायला हवं.